गोव्यातला मधुमेह शिक्षक प्रशिक्षण वर्ग: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

फोंड्यात भरणारा हा दोन दिवसांचा वर्ग परिचारिका, फार्मासिस्ट, आहारतज्ज्ञ आणि दवाखान्यात रुग्णाला समजावून सांगण्याचे काम ज्यांच्या गळ्यात पडते अशा सगळ्यांसाठी आहे. तुकडी तीस जणांची, फी जेवणासह साडेतीन हजार, शेवटी प्रमाणपत्र. आयोजकांचे नाव इथे दिलेले नाही, कारण खाली नोंदवलेल्या उणिवा एकट्या त्यांच्या नाहीत. मधुमेहावरच्या बहुतेक प्रशिक्षणांत त्या याच जागी सापडतात. ज्यांना नुसते मत हवे आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो: पहिल्या दिवसाने पैसे वसूल होतात, दुसरा दिवस अर्धा वाया जातो.

अशा वर्गांची गोव्याला गरज किती, हे २०२३ मध्येच आकड्यांत कळले आहे. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीत गोव्यातल्या प्रौढांमधले मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के निघाले, देशात सर्वांत जास्त. देशाची सरासरी ११.४. इतक्या लोकांना नीट समजावण्याइतका वेळ ओपीडीतल्या डॉक्टरकडे नसतो. ते काम इंजेक्शनच्या खोलीत आणि औषधांच्या काउंटरवर होते, किंवा होतच नाही. म्हणून आम्ही या वर्गाला एकच मोजपट्टी लावली: इथून परतलेली परिचारिका सोमवारी रुग्णासमोर काही वेगळे करील का?

इन्सुलिनच्या सत्रापुरते उत्तर ठाम ‘होय’ आहे. साडेतीन तास, पाच-सहा जणांमागे एक प्रशिक्षक आणि स्लाइड जवळजवळ नाहीत. टेबलावर बाटल्या, लाल आणि नारिंगी टोपणांच्या सिरिंजा, इन्सुलिनची निरनिराळी पेने, ४ पासून ८ मिलिमीटरपर्यंतच्या सुया. सुरुवात होते ती ४० आणि १०० च्या घोळापासून, आणि तिथूनच व्हायला हवी. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचे असते, पेनच्या काडतुसातले १०० चे. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी १०० साठी. ४० ची बाटली घेऊन नारिंगी सिरिंज ‘२०’ च्या खुणेपर्यंत भरली तर आत जाते ०.२ मिली, म्हणजे जेमतेम ८ युनिट. उलट १०० चे इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये ‘२०’ पर्यंत ओढले तर ते ०.५ मिली, म्हणजे ५० युनिट होतात. पहिल्या चुकीत शुगर चढीच राहते आणि डॉक्टर बिचारा डोस वाढवत बसतो. दुसऱ्या चुकीत रुग्ण मध्यरात्री बेशुद्ध सापडतो.

गोव्यात हा घोळ होण्याच्या वाटा जास्त आहेत. खासगी इस्पितळातून पेन घेऊन घरी आलेला रुग्ण खर्चामुळे पुढे बाटलीवर जातो. आखातात किंवा इंग्लंडमध्ये असलेला मुलगा सुट्टीवर येताना आईसाठी बाटल्या आणतो, त्या १०० च्या असतात. घरातल्या सिरिंजा मात्र लाल टोपणाच्या. पेन बिघडले म्हणून काडतुसात सिरिंज खुपसून इन्सुलिन ओढणारेही आहेत. प्रशिक्षक मुद्दाम बाटल्या-सिरिंजांची सरमिसळ करून ट्रे पुढे करतात, प्रत्येकाला ‘२० युनिट’ भरायला सांगतात आणि मग आत खरोखर किती गेले ते मोजून दाखवतात. आमच्या मते पूर्ण वर्गातला सर्वांत मोलाचा भाग हाच.

पेनची कृतीही प्रत्येकाच्या हातून करून घेतात. दुधाळ इन्सुलिन तळहातांमध्ये १० वेळा लाटायचे, १० वेळा सावकाश उलटसुलट करायचे. खसाखसा हलवायचे नाही, फेस होतो. नवी सुई लावली की पेन उभे धरून २ युनिट बाहेर सोडून बघायचे. थेंब दिसला तरच पुढे. बहुतेक प्रौढांना ४ मिलिमीटरची सुई चामडी न चिमटता सरळ ९० अंशांत टोचली तरी पुरते. फार कृश माणसाला तेवढी चिमूट घ्यावी लागते. बटण पूर्ण दाबल्यावर सावकाश १० अंक मोजून मगच सुई बाहेर काढायची. ती मोजणी चुकते म्हणून कातडीवर थेंब राहतो आणि ‘पेनमध्ये औषध कमी येते’ अशी तक्रार काउंटरवर येते. शेवटी सुई काढून टाकायची, कारण ती लावून ठेवलेल्या पेनमध्ये हवा शिरते किंवा औषध गळते.

पोटावरच्या गाठींचा भागही चांगला, पण त्यातच एक धोकादायक फट राहिली आहे. एकाच जागी टोचत राहिले की चरबीची गाठ होते, ती नुसत्या नजरेला दिसत नाही, बोटांनी चाचपावी लागते. आणि गाठीत टोचलेले इन्सुलिन कधी कमी, कधी उशिरा शोषले जाते. हे सगळे शिकवतात. पोटाचे चार भाग पाडून आठवड्याला एक भाग वापरायचा, प्रत्येक टोचणी आधीच्या जागेपासून निदान बोटभर लांब, हेही सांगतात. जे सांगत नाहीत ते असे: गाठीतल्या टोचणीवर बेतून वाढवलेला डोस निरोगी जागी दिला की तो पुरता शोषला जातो आणि शुगर धाडकन खाली येते. म्हणजे ‘उद्यापासून इथे टोचू नका, तिथे टोचा’ एवढे सांगून रुग्णाला घरी पाठवणे घातक. आधी डॉक्टरांना कळवायचे, डोस किती उतरवायचा ते त्यांच्याकडून ठरवून घ्यायचे आणि पुढचे काही दिवस रोज शुगर मोजायला लावायची. दोन वाक्यांची ही सूचना पुढच्या तुकडीत तरी घालावी.

साठवणुकीबद्दल सांगितलेले इथल्या हवेला धरून आहे. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी टाकूनच द्यायचे. उघडलेले इन्सुलिन ३० अंशांच्या आत साधारण २८ दिवस चालते. एप्रिल-मे महिन्यांत घरातला पारा याच्या वर जातो, पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा फ्रिज नसलेल्या घरात प्लॅस्टिकच्या डब्यात बाटली ठेवून तो डबा पाण्याच्या माठात तरंगता ठेवणे हा चांगला मार्ग. स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या पेनवर भरवसा ठेवू नये, हे तर बाजारातून थेट घरी न जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाला सांगायला हवे. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बाटलीत जमवून दवाखान्यात परत आणायच्या. दारोदार कचरा उचलणाऱ्या माणसाच्या बोटात त्या घुसतात, याकडे वर्गात आवर्जून लक्ष वेधले जाते.

ग्लुकोमीटरच्या सत्रात एक प्रयोग होतो, तो पाहण्यासारखा आहे. एकाच माणसाची शुगर आधी साबणाने धुतलेल्या कोरड्या बोटावर आणि मग आंब्याचा रस लागलेल्या बोटावर मोजतात. दुसरा आकडा पाहून खोलीत कुजबुज सुरू होते. काजूच्या हंगामात बोंडू (काजूचे रसाळ फळ) हाताळून आलेल्या माणसाची शुगर ‘अचानक वाढण्या’मागे पुष्कळदा हेच कारण असते. स्पिरिटचा बोळा हात धुण्याची जागा घेऊ शकत नाही, आणि स्पिरिट वाळण्याआधी टोचले तर आकडा बिघडतो. बोटाच्या टोकावर न टोचता कडेला टोचायचे. फार दाबून रक्त काढायचे नाही. स्ट्रिपची डबी पावसात उघडी राहिली की दमट हवेने स्ट्रिप खराब होतात; त्या काढून पाकिटात बांधून देणारे काउंटर आपल्याकडे आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही.

मीटर आणि लॅबचा आकडा जुळत नाही, ही रोजची तक्रार. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० च्या खाली १५ मिलिग्रॅम आणि १०० च्या वर १५ टक्के इतका फरक चालतो, म्हणजे लॅबचे २०० आणि मीटरचे २२५ यांत भांडण नाही. प्रशिक्षक हे सांगतात. पण रक्तक्षय असलेल्या रुग्णाचा मीटरवरचा आकडा खऱ्याहून जास्त येऊ शकतो, आणि लोहाच्या कमतरतेने एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ही फसवे चढते, हे सांगायला हवे होते. इंग्लंडहून आलेले मीटर ‘मिलिमोल’मध्ये आकडा दाखवते, त्याचा उल्लेख आहे: ७ दिसले तर ते १२६, म्हणजे १८ ने गुणायचे. अशा मीटरवर ९ पाहून ‘शुगर फारच उतरली’ म्हणून साखर खाल्ली जाते, हा नुसता विनोद नाही.

पायाची तपासणी थोडी घाईत होते. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे पायाची संवेदना तपासायचा नायलॉनचा धागा, प्रत्येकाच्या हातात येतो, तो वाकेपर्यंत दाबायचा, दीड-दोन सेकंद धरायचा, घट्ट्यावर लावायचा नाही, रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे, हे सगळे करून घेतात. एकाच धाग्याने लागोपाठ दहाएक रुग्ण तपासले की त्याचा ताण उतरतो आणि त्याला दिवसभर विश्रांती द्यावी लागते, हे कुणी सांगितले नाही; गावातल्या शिबिरांत एका धाग्यावर शंभर पाय तपासले जातात त्याचे कारण हेच. धागा नसेल तर काय, याचे उत्तर मात्र मिळते: डोळे मिटलेल्या रुग्णाच्या दोन्ही पायांच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बोटांच्या टोकांना आपल्या तर्जनीने हलका स्पर्श करायचा. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळले नाही तर पाय धोक्यात. पैसा लागत नाही, एक मिनिट पुरते.

इथे आम्हाला वाटते की गोव्याचे कॅलेंडर हाताशी घेऊन बोलायला हवे होते. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे तिचे व्रतस्थ भक्त, अनवाणी निखाऱ्यांवरून चालतात, आधी काही दिवस व्रतस्थ असतात. पायाची संवेदना गेलेल्या माणसाला भाजल्याचे कळत नाही. फोड येतो, फुटतो, आणि पू दिसेपर्यंत आठवडा उलटतो. त्याला ‘जाऊ नका’ म्हणून काही साधत नाही. व्रताआधी पाय तपासणे, उपासाच्या काळात ग्लिमेपिराइडसारख्या शुगर उतरवणाऱ्या गोळ्यांचे काय करायचे हे डॉक्टरकडून लिहून घेणे, आणि जत्रेच्या रात्री घरी आल्यावर दुसऱ्या माणसाने बॅटरी लावून तळवे बघणे, एवढे तरी आधी ठरवता येते. पावसाळ्यात शेतात, चिखलात राबणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवण्याचाही असाच धडा हवा. वर्गात दाखवलेले फोटो बुटांचे, मोज्यांचे. आपला रुग्ण चपलेत असतो.

शुगर उतरण्याच्या भागात ‘१५-१५’ चा नियम नीट बसवून घेतात: ७० च्या खाली आली की १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे, गरज पडली तर पुन्हा द्यायचे, आणि मग पोटात काही जेवण. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतायचे नाही. एक बारकावा इथे मिळतो जो अनेक डॉक्टरही सांगत नाहीत: व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्या रुग्णाला साखर देऊन लवकर फायदा होत नाही, कारण साखरेचे विघटन त्या गोळीनेच रोखलेले असते. त्याला ग्लुकोज पावडरच हवी. फार्मासिस्टने या गोळीच्या पाकिटाबरोबर ग्लुकोजचा डबा दाखवावा, ही सूचना आवडली.

दारूचा विषय आला, पण दारू मोजायच्या इंग्रजी ‘युनिट’मध्ये आला. उराक आणि फेणी या इथल्या काजूच्या दारू कुठेच नाहीत. रिकाम्या पोटी दारू घेतली की यकृत साखर सोडायचे थांबवते, आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर कित्येक तासांनी, बहुधा पहाटे, शुगर कोसळते. तोंडाला वास, पाय लटपटणारे, जीभ जड. घरचे म्हणतात ‘झोपू दे, जास्त झाली असेल’. हीच गोष्ट बायको-मुलांना आधी सांगून ठेवायला शिकवायचे असते. उराकात गोड सोडा ओतला की तासाभरात साखर चढते आणि रात्री उतरते, म्हणजे दोन्हीकडून घोळ.

दुसऱ्या दिवशीची सकाळ आहारावर, आणि इथे वर्ग घसरतो. तक्त्यात फुलके, पनीर, दलिया, ओट्स. भात ‘अर्धी वाटी’. कुणाची वाटी, किती मोठी, हा प्रश्न पुढे येत नाही. गोव्यातल्या जेवणाचा हिशोब भातावरून सुरू होतो, तो टाळून शिकवलेला आहार घरी पोचत नाही. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदके असतात. ताटात तीन पळ्या भात पडला की तो सहज २५०-३०० ग्रॅम होतो. ‘उकडा आहे, चालतो’ हा आपल्याकडचा लाडका समज. उकडा तांदूळ सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा थोडा सावकाश चढत असेल, पण कर्बोदके तेवढीच. पेजेत पाणी जास्त असल्याने ती हलकी वाटते, तरी भात अगदी मऊ शिजलेला असल्याने झटकन पचतो. पोई (गोव्यातला गोल पाव) कोंड्याची म्हणून दोन खाणाऱ्याला विचारायला हवे की ती कुठल्या भट्टीची. बऱ्याचदा आत मैदाच, वर कोंडा भुरभुरलेला. आणि शेवटी, हुमणात (मासळीच्या कालवणात) नारळ आहे म्हणून मासळी सोडायला लावून त्याच माणसाला मारी बिस्किटे सुचवणारे आहारपत्रक रुग्णाचे काही भले करत नाही.

याऐवजी काय हवे होते? टेबलावर दोन वजनकाटे, शिजवलेला भात, वेगवेगळ्या आकाराच्या वाट्या, पोई, पाव, चवथीच्या नेवऱ्या, पातोळ्या. प्रत्येकाने आपल्या घरी वाढतात तितका भात वाढायचा आणि काट्यावर ठेवायचा. मग ताट तसेच ठेवून अर्ध्यात भाजी, तांबडी भाजी, वालपापडी किंवा भेंडी. पाव भागात मासळी किंवा डाळ. पाव भागात भात, असे पुन्हा वाढायचे. चवथीला गणपतीवरच्या माटोळीखाली पाच दिवस गोडधोड होणारच. त्याचा वाटा आधी ठरवून भात तेवढा कमी करायचा, हे शिकवता येते. दोन तासांत होणारे काम आहे.

डोळे आणि मूत्रपिंड यांचे सत्र बेताचे, स्लाइडवर. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा बघणे, मूत्रपिंडासाठी लघवीतले अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० च्या वर गेले तर डॉक्टरकडे, एवढे लक्षात राहिले तरी पुरे.

संवादाचे सत्र मात्र सोडून देण्यासारखे नाही, म्हणून त्यावर थोडे अधिक. दीड तासातला तासभर भाषण, अर्ध्या तासात तीन जोड्यांचा अभिनय, उरलेले चोवीस जण प्रेक्षक. शिकवले काय, तर ‘रुग्णाला समजले का ते विचारा’. पेडण्याच्या किंवा वाळपईच्या बाजूच्या आजीला ‘समजलं का?’ विचारले की ती ‘हो बाई’च म्हणणार; परिचारिकेचा मान राखायचा म्हणून. त्याऐवजी ‘आजी, घरी गेल्यावर सुनेला हे कसं सांगाल? मला सांगून दाखवा बघू’ असे विचारले की कुठे गाडी अडली ते लगेच कळते, आणि चूक आजीची न ठरता आपल्या सांगण्याची ठरते. सिरिंजच्या बाबतीत तर बोलणेही नको, तिच्या हातात सिरिंज द्यावी. एका भेटीत एकच गोष्ट, फार तर दोन. बाकी पुढच्या वेळी. आणि काढा, कारले, जांभळाच्या बिया याबद्दल विचारताना कपाळाला आठी नको, नाहीतर पुढच्या वेळी खरे उत्तर मिळणार नाही. प्रशिक्षकांना हे माहीत नाही असे नाही. वेळच ठेवलेला नाही. छापील पत्रके इंग्रजीत आणि हिंदीत आहेत. मराठी-कोंकणीत मोठ्या टाइपाची, चित्रांची हवी होती.

शिक्षण कधी द्यायचे यावर मात्र उत्तम स्लाइड आहे: निदान झाल्यावर लगेच, दर वर्षी एकदा किंवा शुगर आटोक्यात येत नसेल तेव्हा, एखादी गुंतागुंत उद्भवली तर, आणि उपचारात किंवा आयुष्यात बदल झाला तेव्हा. ती छापून दवाखान्यात लावण्यासारखी.

सर्वांत मोठी उणीव वर्ग संपल्यावरची. शेवटी पंचवीस प्रश्नांची वस्तुनिष्ठ चाचणी, पास होणे कठीण नाही, प्रमाणपत्र हातात. त्याने पाठांतर कळते, हात कळत नाही. पेन वापरायची कृती दहा टप्प्यांच्या यादीवर तपासून मगच प्रमाणपत्र द्यायला हवे. आणि तीन महिन्यांनी कुणीतरी दवाखान्यात येऊन एक प्रत्यक्ष समुपदेशन बघायला हवे. निदान एक फोन. प्रशिक्षणानंतर हळूहळू जुन्या सवयी परत येतात, विशेषतः जिथे परिचारिका पुन्हा सत्तर रुग्णांच्या रांगेसमोर एकटी उभी असते. डॉक्टरने तिला आठवड्यातली ठरावीक वेळ आणि बसायला जागा दिली नाही तर साडेतीन हजार रुपये गेले असे समजावे. यात वर्गाचा दोष नाही, पण आयोजकांनी दवाखान्याच्या मालकाकडून तसे लिहून घ्यायला काय हरकत आहे?

कुणी जावे? इन्सुलिन देणाऱ्या दवाखान्यातल्या परिचारिकेने आणि काउंटरवरच्या फार्मासिस्टने नक्की. आहारतज्ज्ञांना दुसरा दिवस निराश करील. डॉक्टरांनी फक्त पहिल्या दिवशी दुपारपर्यंत बसावे, आपले कर्मचारी रुग्णाला काय सांगतात ते तरी कळेल. फी भरण्याआधी आयोजकांना तीन गोष्टी विचाराव्यात: एका प्रशिक्षकामागे किती जण, हाताने करायचे तास किती, आणि तीन महिन्यांनी पाठपुरावा आहे का. जाताना दवाखान्यातले स्वतःचे मीटर, स्ट्रिपची उघडी डबी आणि सध्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या सिरिंजा सोबत न्याव्यात; प्रशिक्षक त्या आनंदाने तपासून देतात आणि लॅबच्या नमुन्याशी मीटरचा आकडा जुळवूनही दाखवतात.